वीतभर उघडं दार

४ मार्च
आले एकदाची कीलुंगला! खोली बंदरामागच्या चढावर आहे. खिडकीतून क्रेनच्या माना दिसतात आणि बोटींचे भोंगे थेट उशाशी वाजतात. दक्षिणेकडच्या तैनानच्या उन्हात वाढलेल्या मला इथली ओल पहिल्याच दिवशी हाडापर्यंत पोचली, पण मजा वाटते आहे. माझे नवे मालक, उस्ताद काओ, यांनी गल्लीतल्या टपरीवर शेंगदाण्याचं गरम सूप पाजलं आणि सूप संपायच्या आत काम सांगितलं. बंदराजवळची एक दहा मजली व्यापारी इमारत आहे, तिथल्या जिन्याच्या सगळ्या दारांचे क्लोजर बदलायचे. क्लोजर म्हणजे दाराच्या माथ्यावरचा तेल भरलेला डबा आणि त्याचा लोखंडी हात. उघडलेलं दार तो आपलं आपण मिटतो. लोकांना वाटतं, दार आपटू नये म्हणून असतो तो. खरं तर आग लागली तर धूर जिन्यात जाऊ नये म्हणून. लवकरच अग्निशमनवाले तपासायला येणार आहेत.

७ मार्च
काम पळतंय. जुने डबे तेल गळून मेलेले, नवे बसवायचे. एका स्क्रूने दाराचा वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटच्या वीतभर अंतरातला जोर. तो जमला की खटका ‘टक्’ करून बसतो. तो टक् ऐकला की मला जेवल्यासारखं वाटतं.
इमारतीचे व्यवस्थापक लियेन साहेब मात्र पाठीमागेच उभे असतात. आज म्हणाले, “दारं लावायला बाई पाठवली काओनं? आमची बायको तर घरातलं एक दार धड लावत नाही.”
मी शिडीवरूनच म्हटलं, “घरी क्लोजर नसेल साहेब. बसवून देऊ का, तुमच्या तोंडालाही?”
सफाईवाल्या आ-चिन मावशी खो खो हसल्या. दुपारी त्यांनी चहात उकडलेलं अंडं हातावर ठेवलं.

१० मार्च
सातव्या मजल्याचं दार बसत नाही.
सहावं बसलं, आठवं बसलं. हे मात्र छान मिटत येतं आणि चौकटीपासून वीतभर अंतरावर थांबतं. जोर वाढवला, तरी थांबतं. बिजागऱ्यांना तेल दिलं, चौकट ओळंब्यात आहे की नाही ते पाहिलं. एका केसाचाही फरक नाही. वाऱ्याचा दाब असेल म्हणून मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या लावल्या. थांबतंच.
उस्तादांना फोन केला. म्हणाले, “दार आहे ते, नवरा नव्हे. समजूत कसली घालतेस? स्क्रू फिरव.”
अख्खा दिवस फुकट गेला.

१२ मार्च
डबा बदलला. मग आठव्या मजल्याचा, चांगला चालणारा, काढून इथे लावला. सातव्यावर तो थांबतो. सातव्याचा आठव्यावर नेला तर टक्!
दाराच्या कडेवर काळे डाग सापडले. चार, एकाखाली एक, आणि ते माझ्या डोक्याच्याही वर. लियेन म्हणाले, तुझेच तेलकट हात. माझा हात तिथे शिडीशिवाय पोचत नाही, हे त्यांना दाखवलं. म्हणाले, मग शिडीवरून लावलेस. काय बोलणार अशा माणसाशी!
डाग पुसले. तेल नव्हतं. काजळी होती.

१३ मार्च
डाग परत आलेत. त्याच जागी.
आज मी काही केलं नाही, नुसती बघत उभी राहिले. दार वीतभरावर थांबतं. मग थोडं उघडतं, थांबतं. पुन्हा थोडं उघडतं. आपल्यामागून कुणी येत असलं की आपण दार धरतो ना, आणि ते गेलं की त्याच्यामागच्यासाठी पुन्हा धरतो — अगदी तसं.
प्रत्येक वेळी कोमट वारा अंगावरून जिन्यात जात होता. मजला तर रिकामा आहे, सगळं बंद.
संतापून दारावर लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१४ मार्च
आ-चिन मावशींना विचारलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग पायरीवर बसल्या आणि सांगितलं. पूर्वी सातव्यावर शिवणकामाचा कारखाना होता. भर दुपारी आग लागली. तू काका — तू हे त्यांचं आडनाव — म्हणून उंचेपुरे पहारेकरी होते. त्यांनी हे दार हातानं धरून ठेवलं आणि एकेक बाई बाहेर काढली. मावशीही त्यातल्याच.
मी म्हटलं, देवमाणूस.
मावशी म्हणाल्या, “देवमाणूसच गं. आम्ही सगळ्या वाचलो. पण दार उघडं राहिलं आणि धूर जिन्यात शिरला. वरच्या मजल्यांवरची माणसं जिन्यानं खाली येत होती. त्यातलं एकही खाली पोचलं नाही.”
तू काका दाराशीच सापडले. हात दारावरच होता.
मावशी म्हणाल्या, “नको जोर लावूस, पोरी. त्यांना वाटतं, अजून कुणीतरी आत आहे.”
मी भुताखेतांवरून भांडत बसणारी नाही. पण वर आजही माणसं आहेत. नवव्यावर म्हाताऱ्यांचा गाण्याचा वर्ग भरतो. दार लागलंच पाहिजे.

१५ मार्च
गोदामाच्या फाटकाचा सगळ्यात ताकदवान क्लोजर आणून लावला. दार आलं, वीतभरावर थांबलं. थरथरलं. मी पाठ लावून ढकललं.
टक्.
त्याबरोबर आतून आवाज आला. बोटं चेंगरल्यावर माणूस दात आवळून कण्हतो, तसा.
लियेननी पहिल्यांदाच शाबास म्हटलं. मला जेवण गेलं नाही.

१६ मार्च, सकाळ
कडेवरचे डाग गेले. आता दाराच्या आतल्या अंगावर आहेत. तळवे. पुष्कळ.
तपासणीवाले दुपारी येणार. मावशी आज दुसऱ्या मजल्यावर आहेत, इकडे यायला तयार नाहीत.
आतून कुणी दार ठोठावतंय. मजला रिकामा आहे, मी स्वतः फिरून आलेय —

१६ मार्च, दुपार
दार उघडलं. उघडायला नको होतं. ठोठावणं ऐकवेना.
आता उंबऱ्यात बसलेय, पाठ दाराला लावून. ताकदवान क्लोजर पाठीवर रेटतोय. माझाच. लिहितेय, कारण हात रिकामा राहिला तर तो दार धरायला वर जातो.
कोमट वारा. एकामागून एक. दिसत कुणी नाही. खांद्याला घासून जातात.

लियेनचा फोन. तपासणीवाले खाली आलेत, दार लाव म्हणतात. मी म्हटलं, अजून येताहेत. ते म्हणाले, कोण? — फोन ठेवला.

वारा आता कोमट नाही. गरम आहे.

धूर. खरा आहे. डोळे चुरचुरताहेत, वहीवर काजळी पडतेय. माझ्या डोक्यावरून जिन्यात जातोय, वर —

नवव्यावरचं गाणं थांबलं.
खोकताहेत. खूप जण. जिन्यावर पावलं वाजताहेत, काठ्या वाजताहेत. खाली येताहेत. मी ओरडले, येऊ नका, वर जा — ऐकू जात नाही.

उठायला हवं. उठले की दार आपोआप लागेल. एवढंच करायचंय. उठायचं —

आत कुणीतरी आहे. बाईचा आवाज. जवळच. दमलेला. म्हणते, “दार धर गं बाई, आलेच मी.”
मजला रिकामा आहे. मी पाहिलाय. सगळ्या वाचल्या होत्या, मावशी म्हणाल्या. मग ही —

पावलं आठव्यावर आली.

“धरलंयस ना? दिसत नाही गं काही.”
खरी असली तर? खरीच असली तर —

डोक्यावर दाराच्या कडेला काहीतरी टेकलं. हात. मोठा. तोही धरतोय. आता मी उठले तरी दार

काकांना सांगतेय सोडा. सोडा हो, वर माणसं आहेत, ह्या वेळी तरी सो