खाली येतानाची पट्टी

सोमवार, ३
पोहोचलो एकदाचा! लेकीने खोली झकास लावली आहे. पलंगावर दोन रजया. सातवी नापास बापाला तिने आपल्या ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रावर कामही मिळवून दिलं. इथला मेकॅनिक म्हणाला, आजोबा, संशोधक झालात, आता आमची ओळख ठेवा हं.

मंगळवार, ४
इथल्या आकाशात हिरवा उजेड नाचतो. तिथे उंचावर विजेने भारलेले कण असतात, कुठे दाट, कुठे विरळ. उपग्रह त्यांतून जाताना दाटपणा मोजतो आणि यंत्रातून कागदाची पट्टी निघते. रेघ खाली घसरली की मी लाल पेन्सिलीने खूण करायची. पट्टीच्या डाव्या टोकाला आमचं केंद्र, उजव्या टोकाला उत्तरेची, यंत्रं ठेवलेली केबिन. उपग्रह उत्तरेकडून खाली, दक्षिणेला परतताना मात्र पट्टी उलटी निघते. बाबा, आधी कोपऱ्यातला बाण बघा, खाली असला तर पट्टी उलटी धरा, असं लेकीने तीनदा बजावलं. माझ्या हातून चूक झाली तर नाव तिचं खराब होईल.

शुक्रवार, ७
विरळ जागा सरकत राहतात म्हणे. एक मात्र तीन दिवस हललेली नाही. बरोब्बर केबिनवर. रेघ थेट शून्यावर, जणू खड्डाच. लेक हसली, केबिनमधल्या यंत्राचा दोष असेल, उद्या मेकॅनिक बघून येईल म्हणाली.

शनिवार, ८
मेकॅनिक परतला नाही. केबिनपाशी गाडी चालूच सापडली. बर्फावर त्याचे हातमोजे, आत बोटं असावीत तसे फुगलेले. आत काही नव्हतं. त्या वेळच्या पट्टीवर खड्डा तिथेच होता. पुढच्या पट्टीवर बुजला. पोट भरल्यासारखा.

रविवार, ९, सकाळ
खड्डा परत आला. पट्टीच्या उजव्या टोकाला. आणि लेक मेकॅनिकला शोधायला तिकडेच निघाली आहे. हातापाया पडलो. बाबा, वेड्यासारखं करू नका, म्हणाली. हातमोजेसुद्धा घातले तिने.

रविवार, थोड्या वेळाने
कोठीत काहीतरी पडलंय असं खोटं सांगून तिला आत पाठवलं. बाहेरून कुलूप. दाराशी बसून लिहितो आहे. ती दार बडवते आहे. मला काय वाटेल ते बोल, बाई, पण जिवंत राहा—

बडवणं थांबलं. रागावली असेल.

सकाळची पट्टी हातात आहे. कोपऱ्यात बाण— खाली.

उलटी धरायला हवी होती. खड्डा केबिनवर नाही. इथे, आमच्या—

हाक मारली. ओ देत नाही. किल्ली लावायला हात धजत नाही—

दाराखालच्या फटीतून तिच्या हातमोज्याची बोटं दिसताहेत. फुगलेली. हलत ना—