हात कोणी धरायचा

ता. ४ फेब्रु., देऊळघाट
देवीची लस टोचणारे डॉक्टर शाळेत आले. माझ्या वर्गातल्या पोरींना टोचून झालं. गावातल्या सुनांपैकी मात्र एकही आली नाही. परका पुरुष दंड धरणार, म्हणून सासवांनी घरात दडवल्या. गेल्या साली सुमीला तिच्या सासूनं, राधाबाईनं, असंच कोठीत बसवलं होतं. लहानपणी टोचलेलं उठलंच नव्हतं तिला, लागू पडलं नव्हतं. माझी धाकटी बहीण. देवीनं गेली. म्हातारीला सोडणार नाही.

ता. ६
हमिदाबी मण्यारीण गावातल्या सगळ्या सुनांना बांगड्या भरते. तिनं हात धरला तर कोणाची सासू हूं की चूं करत नाही. आज विचारलं. "धरतो नं बाई. मले कोन नाही म्हन्ते?"

ता. ९
हमिदाबीच्या ओसरीवर लुगड्याचा पडदा. सुना आत, दंड तेवढा बाहेर. मनगट हमिदाबीच्या हातात, डॉक्टर नुसते टोचतात. झाडून सगळ्या आल्या. राधाबाईच्या घरी निरोपच धाडला नाही. मुद्दाम. सुमीच्या जागी आणलेली कावेरी कोवळी पोर आहे, तिचा काय दोष, कळतं. तरी नाही.

ता. १३
शेजारच्या उंद्रीत देवीची साथ. म्हातारी दारात हजर. "बाई, सुनेले टोचून द्या. हेबी गेली त लोक तोंडावर थुकतीन."
म्हटलं, आधी तुम्ही. पडद्याबाहेर, सगळ्यांसमोर.
म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला. मग, "बरं." जिवाला गार वाटलं.

ता. १४
हमिदाबीच्या ओसरीवर पुन्हा पडदा, आत कावेरी. बाहेर म्हातारीनं बाही वर सारली. डॉक्टर थांबले. दंडावर टोचल्याचे जुने वण.
"लहानपनी मह्या बापानं टोचून आनलं होतं."
मी विचारलं, मग सुमीला का नाही?
"मी तवा लेक होतो, बाई. ते सून होती."
मग पडद्यातून कावेरीचा दंड आपणहून बाहेर आला. टोचलं.

संध्याकाळी
कावेरी घरी जायला तयार नाही. हमिदाबीकडेच बसून आहे. म्हातारी अंगणात उभी. "बाई, तुमी सांगा तिले. तुमचं आयकन ते."
ऐकेल, खरं आहे. मी अजून तोंड उघडलेलं नाही.