गोरव्याची बेल

शुक्रवार, दिवेलागण

बडोद्याबाहेर, पादरा तालुक्यातल्या या गावात घर बांधून राहायला आलो त्याला महिना होत आला, पण एकदाही कुणी बेल वाजवली नाही. बेल आमच्या बडोद्यातल्या, गोरव्याच्या फ्लॅटमधलीच, मी हट्टाने काढून आणली. तिथे चार वाजले की ती वाजायची आणि समोरची सुलू चहाला यायची. इथल्या बायकांना आपण नकोच आहोत, असं मला वाटायला लागलं होतं. इतकं का लागतं मनाला?

आज शेजारच्या शारदाबेन कुंपणापाशी भेटल्या. मला बघून चकितच झाल्या. "बारणुं बंद हतुं ने, बेन." दार बंद दिसलं म्हणून त्यांना वाटलं, आम्ही बडोद्याला परत गेलो. इथे दिवसा दार बंद म्हणजे घरात कुणी नाही. आणि मी शहरातल्या सवयीने कडी लावून आत वाट बघत बसलेली. वेडीच.

दुपारी दार सताड उघडलं. शारदाबेन आल्या, मागोमाग त्यांच्या जाऊबाई. दारापुढच्या ओटल्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलल्या, पोटभर हसलो. बरं वाटलं. खरंच वाटलं. तरी चार वाजता कान बेलकडेच.

त्या गेल्यावर हे शेताकडे फिरायला निघाले आणि जाताना सवयीने दार ओढून घेतलं. परत आले तेव्हा त्यांनीच बेल दाबली.

"आले गं सुलू," म्हणत मी उठले.

दारात हे. चपला काढायला जरा जास्तच वेळ लावला.