मागची डावी सीट

भवानी पेठ, सोलापूर
दि. ३ सप्टेंबर २०२५

चि. रत्नदीप यास ताईचा जय भीम.
आशीर्वाद या खेपेला मागून घे, आधी ऐकून घे.

आप्पांचा नियम तुला आठवत असेल. घरात भांडण झालं तर ते कागदावर करायचं, कारण आपल्या पेठेतल्या भिंती पातळ आणि आपले आवाज मोठे. म्हणून तुझा फोन उचलत नाहीये. लिहितेय, आणि दातओठ खाऊन लिहितेय.

तुझ्या चॅनलवरचं त्या झेरॉन गाडीचं कौतुक मी कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. इंजिन म्हणे वाघ आहे, स्टिअरिंग म्हणे बोटावर फिरतं, ते मागं उतरत गेलेलं छप्पर म्हणे बघतच राहावं, आणि लहान एसयूव्हीत असली गाडी आजवर झाली नाही. वर छातीवर हात ठेवून सांगितलंस की सख्ख्या बहिणीलाही हीच घे म्हणेन. मग काय, सख्ख्या बहिणीनं घेतली. लाल अंगाची, काळ्या छपराची. कशासाठी घेतली तेही तुला पक्कं ठाऊक आहे. दसऱ्याला आईला दीक्षाभूमीला न्यायचं, आपल्या स्वतःच्या गाडीतून, मागच्या डाव्या सीटवर बसवून. आप्पांनी जन्मभर सरकारी गाडी चालवली. साहेब मागं डावीकडं बसायचे, आणि आप्पा घरी येऊन म्हणायचे की एक दिवस आमची चांगुणा त्या जागेवर बसेल. त्यांच्या हातून ते राहिलं, आपण करू, असं ते गेल्यावर त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी तूच सगळ्यांसमोर म्हणाला होतास.

नागपूरच्या आधी सराव म्हणून रविवारी आईला घेऊन जेऊरला यशपालमामाकडे निघाले. आईनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. मोहोळपर्यंत ती गप्प होती, मला वाटलं सुखात आहे. मग आरशात नीट बघितलं. छप्पर अंबाड्याला टेकतंय म्हणून मान वाकडी करून बसलेली. खिडकी एवढीशी, त्यातनं दिसतं ते नुसतं आभाळ. आणि खड्डा आला की मणक्यात दणका. टेंभुर्णीजवळ तिला उलटी झाली. मी पाणी आणायला पळाले. परत येऊन बघते तर दार उघडं टाकून पुढच्या सीटवर जाऊन टेकलेली, बिचारीला भानच नव्हतं. तोंड पुसलं, धीर दिला आणि हाताला धरून परत तिच्या जागेवर नीट बसवलं. तिथून जेऊरपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मामाच्या दारात उतरली आणि म्हणाली की मी आता बसणार नाही, नागपूर राहू द्या. तेव्हापासून तिथंच आहे. सोलापूरला यायला तयार नाही.

आता तू सांग. ज्या गाडीचं एवढं गुणगान गायलंस, तिच्या मागच्या सीटवर एकदा तरी बूड टेकवलं होतंस का? की सगळ्या तोंडाच्या वाफा?

लोभाचं नंतर बघू. सध्या नुसतं उत्तर असावे.
तुझी ताई, बुद्धप्रिया

---

पुणे
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रिय ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.
तुझं पत्र पोचलं. पाकीट उघडण्याआधीच गरम लागत होतं.

आईला त्रास झाला, ते वाईटच झालं. पण म्हणून सगळं खापर माझ्या डोक्यावर? कंपनीनं आम्हा गाडीवेड्यांना चाचणीच्या ट्रॅकवर बोलावलं होतं. तिथं प्रत्येकजण चाक हातात घ्यायलाच येतो, मागं बसायला कोण येतंय! ही चालवणाऱ्याची गाडी आहे, असं मी स्पष्ट म्हटलंय. तुला फक्त वाघ आणि बोटावर फिरणारं स्टिअरिंग तेवढं ऐकू आलं, त्याला मी काय करू?

आणि होटगी रोडला तू स्वतः चालवून बघितलीस की नाही? त्या दिवशी फोनवर किंचाळत होतीस की रत्न्या, पाय ठेवला की नुसती पळते रे! तेव्हा आई कुठं होती? घरी ज्वारी निवडत होती. तू तिला शोरूमला का नेलं नाहीस? तू तरी मागं बसून बघितलंस का? लाल रंग काय आईनं मागितला होता? माझ्या शब्दावर घेतली म्हणतेस, पण ताई, खरं बोल, तुला ती गाडी बघताक्षणी हवी होती. जन्मभर स्कूटी दामटलीस, एक झकास गाडी हवीशी वाटली, त्यात गुन्हा काहीच नाही. पण हौस तुझी आणि शिव्या मला, हे मी खपवून घेणार नाही.

राहता राहिलं नागपूर. आप्पांचा शब्द मी विसरलेलो नाही. इथून मोठी गाडी भाड्यानं घेऊन येतो. मागं पाय पसरून बसता येईल अशी. आई मागं डावीकडं अगदी मॅडमसारखी बसेल. झालं समाधान?

पत्राचं उत्तर शांत डोक्यानं लिहावेस. जमल्यास लोभही चालू ठेवावा.
तुझा रत्नदीप

---

भवानी पेठ, सोलापूर
दि. ११ सप्टेंबर २०२५

रत्नदीप,
जय भीम. चि. मुद्दाम लिहिलेलं नाही.

भाड्यानं! आप्पांनी उभा जन्म दुसऱ्याची गाडी चालवली आणि आता आईनंही दुसऱ्याच्याच गाडीत बसायचं? हे लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही रे?

काल बँकेतनं आल्यावर तुझ्या व्हिडिओखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचत बसले. हे म्हणतंय एक नंबर, ते म्हणतंय आग लावली भावा, एकजण तर किडनी विकून घेतो म्हणतोय. त्या गर्दीत अक्कलकोटच्या कुणा चन्नप्पानं सरळ विचारलं होतं की अण्णा, आमच्या अव्वाचे, म्हणजे आईचे, गुडघे दुखतात, तिला मागं बसायला बरं पडेल का? त्याला तू काय उत्तर दिलंस? मागं बसायची एवढीच हौस असेल तर एसटीनं जावा. त्यावर शेकड्यांनी लोक हसलेत. ते तू चन्नप्पाला नाही म्हणालास, आपल्या आईला म्हणालास. हातात कडब्याच्या पेंढीसारखं तुला धरून एसटीच्या दांड्याला लोंबकळत ती जेऊरला जायची, ते विसरलास? तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

मला गाडी हवीशी वाटली, हो, वाटली! पण आई तिच्यात बसणार नसेल तर मला त्या गाडीचं तोंड बघायचं नाही. विकायला काढली आहे. शिवराज नावाचा एकजण २१ तारखेच्या रविवारी बघायला येतोय. तुझाच भक्त आहे, तुझे शब्द पाठ आहेत त्याला. दसऱ्याला तू घरी आला नाहीस तरी चालेल.

लोभ असावा असं लिहायची सवय हाताला आहे, म्हणून इथंच थांबते.
बुद्धप्रिया

---

जेऊर
ता. १६ सप्टेंबर

चि. बुद्धप्रिया आन चि. रत्नदीप,
दोगांनाबी आईचा जय भीम. मी हितं बरी हाय. यशपालमामाबी बरा हाय. तुमचंच डोस्कं ठिकाण्यावर न्हाय.

पत्र एकच लिवलंय. आदी ताईनं वाचायचं, मग पुण्याला धाडायचं. दोन कागद करणार न्हाय, मी काय तुमची वाटणी केलेली न्हाय.

तिचा फोन आला की त्याच्या कागाळ्या, त्याचा आला की तिच्या. माजं कान किटलं. इंजिन असं न् छप्पर तसं. आरं, ज्या बाईसाटी गाडी घेतली, तिला एकानं तरी इचारलं का की बाई, तुला कुटं बसायचंय? गाडी बगायला मला न्हेलं का? मी काय शिलाईचं मशीन हाय, जितं ठिवाल तितं ऱ्हायाला?

म्हनं आप्पाचा शबुद. व्हय, त्यो म्हनायचा तसं. मला इचारून म्हनायचा का? रिटायर झाला त्या दिशी मी त्याच्या हापिसात गेले हुते, सायबानं घरापतुर गाडी दिली हुती, तुमी दोगं तवा शिकायला भाईर हुता. तुमच्या आप्पानं मला मागं डावीकडं बसीवलं, दार लावलं, सलाम ठोकला आन आपून म्होरं बसला. लई आनंदात हुता, म्हून मी गप बसले. समदी वाट मला त्याची पांडरी टोपी आन मान दिसत हुती. त्याच्या शेजारची सीट रिकामीच हुती. मला तितं बसायचं हुतं. ह्यो मानूस आयुष्यभर गाडी चालवतो, पन चालवताना त्याचं तोंड कसं दिसतं, त्ये मी कदी बगितलं न्हाय. सांगीन सांगीन म्हनत ऱ्हायले आन त्यो गेला. त्याला मला मान द्यायचा हुता. मला त्याच्याजवळ बसायचं हुतं.

आन टेंभुर्णीला मी म्होरं गेले त्ये भान सुटून न्हवं गं बुद्धप्रिया, जानून गेले. म्होरनं समदं दिसत हुतं. सडक, उभा ऊस, म्हशी, पार लांबवर. वारं लागलं, मळमळ थांबली. मनात म्हनलं, आता लेकीचा हात बगत जाईन, बापासारकी चालवती का बगीन. तंवर तू आलीस आन हाताला धरून मला परत त्या खुराड्यात कोंबलंस, वर म्हनलीस ही तुजी मानाची जागा. तवा माजं टाळकं फिरलं. मी बसनार न्हाय म्हनले त्ये मागं. तुमी गाडीच इकायला काडली. शानी का खुळी तुमी?

गाडीबद्दल जगाचं मत घेतलं, आता माजंबी ऐका. म्होरनं झ्याक हाय. मागनं कोंबडीबी बसनार न्हाय. रत्नदीप, त्या अक्कलकोटच्या पोराला नीट सांग हे, आन माफी माग. त्यानं त्याच्या आईसाटी इचारलं हुतं, तुज्या चेष्टेसाटी न्हाय. एसटीला हसतूस व्हय रं? तिच्याच पासावर तुजं कालेज झालं.

त्या शिवराजला कळवा की गाडी इकायची न्हाय. दसऱ्याला नागपूरला जायचंच. ताई चालवंल. मी तिच्या शेजारी बसनार, आन तिच्याशी बोलत जानार. रत्नदीप मागं बसंल. डावीकडं. मानाच्या जाग्यावर, पार दीक्षाभूमीपतुर. उतरल्यावर काय बोलायचं त्ये त्यानं मग खुशाल लोकांस्नी बोलावं.

राग हाय, लोभबी हाय. दोनीबी तुमाला पुरून उरंल एवडं हाय.
तुमची आई,
चांगुणा

ता. क. रत्नदीप उंचीनं बापावर गेलाय. डोस्कं टेकंल. उशी आनायची न्हाय.