जिन्याखालची कोमट बॅटरी

९ मार्च, रविवार
आजपासून पेट्रोल बंद. कायमचं. हे रागाने नाही, पूर्ण विचार करून लिहितो आहे. स्कूटरचं इंजिन सकाळीच उतरवून भंगारात दिलं, त्यामुळे माघार घ्यायचा प्रश्न नाही. येताना मानकोलीच्या भंगारवाल्याकडून डिलिव्हरीच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणल्या, गोणभर. त्यातले बरे सेल निवडायचे आणि नवा पॅक बांधायचा. मोटर बघून ठेवली आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझी स्कूटर आवाज न करता चालेल, मागे चंपा पांढऱ्या साडीत. त्यानंतर गुलाम हुसेनची होडी. त्यानंतर बघू. समुद्रात जहाजं काही कमी नाहीत.

११ मार्च
मृणाली म्हणते, पॅकला एक छोटा बोर्ड लागतो. बॅटरी तापली की तो करंट तोडतो. मुलगी गोडाऊनमध्ये खोके स्कॅन करते, तेवढ्यावर बापाला शिकवते. मी बावीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो. लूम बिघडला की शेठ आधी मला हाक मारायचा, मग मिस्त्रीला. मोटरवर हात ठेवायचा: गार म्हणजे बंद, कोमट म्हणजे धडधाकट, चटका बसला तर उतरवा. शेवटच्या आठ-दहा वर्षांत मला एकदाही चटका बसला नाही, इतका मेंटेनन्स चांगला होता. बोर्डाचं काम माझा तळहात करेल.

१५ मार्च
पॅक तयार. लाकडी खोक्यात बसवला. सेल हलू नयेत म्हणून लूममधली कापसाची चिंधी ठासून भरली. लूमवाल्याला चिंधीशिवाय सुचत नाही, तेल पुसा, हात पुसा, भोक बुजवा. ठेवायला जागा जिन्याखाली. ऊन नाही, प्लग जवळ. चंपाने विचारलं, वर-खाली करायला हा एकच जिना आहे ना? म्हटलं, म्हणूनच. येता-जाता लक्ष राहील.

१७ मार्च
पहिलं चार्जिंग. हात ठेवला. कोमट. उत्तम. मांजर खोक्यावर जाऊन झोपलं. जनावराला कळतं.

२१ मार्च
मोटर बसवून ट्रायल. जाताना मानकोलीच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत झकास. येताना ढकलत. समोरून वारा होता. यापुढे दिवसभर चार्जिंग.

२३ मार्च
चंपाने जिन्याखालचा भरलेला सिलिंडर टेमघरला बहिणीकडे पाठवला. कमळाचा संपलाय म्हणे. ही बाई दुसऱ्यांसाठी फार करते.

२६ मार्च
गुलाम हुसेनला बोलावून पॅक दाखवला. त्यांची होडी पिढ्यान्‌पिढ्या काल्हेरच्या खाडीत आहे, पण इंजिन डिझेलचं, बोललेलं ऐकू येत नाही. त्याने पॅकवर हात ठेवला आणि लगेच काढला. म्हणाला, "नागसेनभाऊ, हे कोमट न्हाय. ह्यावर आमची हबीबा भाकरी भाजील." मी हसलो. मग त्याच्यासमोर तळहात पॅकवर सपाट ठेवला आणि तसाच ठेवून जहाजांचं पुढे काय होणार ते सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघत होता. होडीचं पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. डिझेलची सवय लवकर सुटत नाही.

२९ मार्च
मांजर खोक्यावर झोपत नाही. जिन्यानेही येत नाही. शेजारच्या दाजींच्या पत्र्यावरून खिडकीतून येतं. वय झालं असेल.

सकाळी चंपा चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा, चहाचा टोप उतरवायला फडकं शोधत होती. मी नुसत्या हाताने उतरवला. ती फडकं शोधतच राहिली. पूर्वी कौतुक करायची.

२ एप्रिल
जिन्यात गोडसर वास. नेलपॉलिशसारखा. मृणालीला विचारलं, तिने लावलेलं नाही. शेजाऱ्यांकडून येत असेल. शेजारी दाजी एकटेच राहतात, पण त्यांच्याकडे पाहुणे येतात.

४ एप्रिल
ट्रंक टेमघरला गेली. त्यात घराचे कागद, मृणालीची सर्टिफिकेटं. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्तीही गेली. जयंतीच्या आधी साफसफाई आहे म्हणे. मी मदतच केली, ट्रंक रिक्षात चढवून दिली. खोली मोठी वाटते आता. इतकी जागा आपल्याकडे होती हे ठाऊक नव्हतं.

७ एप्रिल
खोक्याचं झाकण लागत नाही. आतून वर आलं आहे. म्हणजे चार्ज पूर्ण भरतो आहे, पोट भरल्याची खूण. वर पाटा ठेवून दाबलं. पाटा तेवढा चंपाने नेला नव्हता, बरं झालं.

हात ठेवला. कोमट.

१० एप्रिल
मृणालीने न विचारता प्लग काढला. वाद झाला. मी प्लग परत लावला. ती जयंतीपर्यंत मावशीकडे राहणार आहे. टेमघरहून ड्युटीला लांब पडेल म्हटलं. चालेल म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. एवढ्याशा बोर्डासाठी.

१२ एप्रिल
आज चंपाही गेली. पिशवीत कुकर, माझे दोन शर्ट, माझा रेनकोट. जिन्यावर न थांबता भराभर उतरली आणि रस्त्यावर जाऊन वळली. म्हणाली, "अहो, सगळं नेलं. आता तुम्ही तेवढे राहिलात."

मी म्हटलं, बॅटरीपाशी कोणीतरी हवं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग चौदाला सकाळी सातला येते म्हणाली. बरोबर आहे, मिरवणुकीला माझ्याच मागे बसायचं आहे.

खोलीत बोललं की आवाज घुमतो. बोलायला कोणी नाही ते सोडा. उगीच दोनदा खाली जाऊन हात ठेवून आलो. कोमट. बरं वाटलं.

१३ एप्रिल
उद्यासाठी फुल चार्ज. आजपासून सकाळपर्यंत प्लग काढणार नाही. हँडलला निळे झेंडे बांधले. जिन्याच्या फळीला खालून काळा डाग पडला आहे. ओल असणार. एप्रिलात ओल म्हणजे खाडीची हवा. पॅकवर हात ठेवला तेव्हा तळव्याची चामडी थोडी निघाली. जुनीच होती.

१४ एप्रिल, सकाळी ६.४०
आंघोळ झाली. पांढरे कपडे घातले. खालून फुस्स असा आवाज येतो आहे, कुकरसारखा. कुकर तर टेमघरला आहे. बघून येतो.

१९ एप्रिल, टेमघर
वही शर्टात खोचली होती म्हणून राहिली.

खाली गेलोच नाही. दार उघडलं तर जिना नव्हता, धूर होता, आणि धुराच्या आत पांढरा जाळ. चिंधी पेटली की तिला वेळ लागत नाही, हे भिवंडीत लहान पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं.

गॅलरीत आलो. चंपा सातला यायची ती पाऊण तास आधीच आली होती, सव्वासहापासून समोरच्या कट्ट्यावर बसून जिन्याकडे बघत होती. हे मला नंतर दाजींनी सांगितलं. त्यांची लोखंडी शिडी तिने गॅलरीला लावली आणि खाली दोन्ही हातांनी धरून ठेवली. जाळ खालच्या दारातून बाहेर येत होता, शिडीला लागत होता. शिडी तापली. मी उतरत होतो, सावकाश, वय आहे. मध्येच तिने हात सोडल्यासारखं केलं. मी वरून ओरडलो, "धर, कोमट आहे."

तिने धरली. मी जमिनीला पाय लावेपर्यंत धरली.

तिच्या दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत पट्ट्या आहेत. मला काही झालेलं नाही. तरी डॉक्टरांनी माझा तळवा उलटसुलट करून पाहिला, डोळे मिटायला लावले आणि दोन बाटल्या एकेक करून हातावर टेकवल्या. एक बर्फाच्या पाण्याची होती, एक उकळत्या पाण्याची, ते मागून कळलं. मी दोन्ही वेळा कोमट म्हणालो. ही संवेदना किती वर्षांपूर्वी गेली, असं त्यांनी विचारलं. मी आठवत बसलो.

गुलाम हुसेन येऊन गेला. हबीबाने भाकरी आणि सुकट दिली होती. होडीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

इथे कमळाच्या घरात आमची प्रत्येक वस्तू आहे. मोजून पाहिली. सिलिंडर, ट्रंक, तसबीर, कुकर. माझा रेनकोट खुंटीला. तसबिरीसमोर बसवत नाही, लाज वाटते.

आता दुपारचा चहा झाला. चंपाला बशीतून मी पाजतो, तिला कप धरता येत नाही. तिने विचारलं, निवला का. मी बशीखाली हात धरला. बराच वेळ धरला.

मग मृणालीला हाक मारली.