कैलासच्या सायकलीचे डिस्क ब्रेक

मी, हैबतराव धोंडिबा शेडगे, वय ६८, राहणार मौजे लवळे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. फुप्फुसांचा आजार आता बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दम लागतो, पण डोके शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ज्याच्या नावे करायचे, तो मुलगा कैलास माझ्याआधी गेला.

१. राहते घर, विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या आणि बँकेतील ठेवी माझी पत्नी साळूबाई हिला पूर्ण मालकी हक्काने मिळाव्यात. हे सर्व माझ्या स्वकमाईचे आहे. तिला व्यवहार कळत नाही असे कोणी म्हणू नये. माझ्या पगारात घर तिनेच चालवले.

२. घरामागची पत्र्याची शेड, तिच्याखालची जागा आणि आतली सर्व हत्यारे रेश्मा ऋषिकेश गावडे हिला द्यावीत. ती माझी सून होती. कैलास गेल्यावर तिचे दुसरे लग्न मीच लावून दिले, त्यामुळे लोकांच्या लेखी ती आता आमची कोणी नाही. म्हणून कारण लिहून ठेवतो.

कैलासने वसतिगृहातल्या एका परदेशी विद्यार्थ्याकडून जुनी माउंटन बाइक घेतली होती. लोखंडी सांगाड्याची, लाल, त्याच्या जन्माच्या आसपासची. तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, रिमवर रबर दाबणारे. सहा वर्षांपूर्वी श्रावणात, भर पावसात कामावरून येताना, लवळ्याच्या उतारावर ते ओले रबर घसरत राहिले. वळणावर पाण्याचा टँकर उभा होता. कैलासने दोन्ही ब्रेक शेवटपर्यंत दाबून धरले होते, असे बघणाऱ्यांनी सांगितले.

पोलिसांनी सायकल परत दिली, तेव्हा साळूबाई म्हणाली, "मला ती दिसाया नको." मी ती शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवली. महिन्याभराने रेश्मा शेडच्या दारात आली.

"मामा, हिला डिस्क ब्रेक बसवता येत्यात का?"

"जुन्या सांगाड्याला त्याची जागाच नसती. आन कशाला?"

"मला चालवायची हाय. त्यांना जितं थांबता आलं न्हाई, तितं मला थांबायचं हाय."

मला नाही म्हणता आले नाही. पुढचे चाक धरणारा काटा वाकला होता, तो बदलला. मागे ब्रेक धरणारी पट्टी वेल्डिंगने जोडली, तर सांगाड्याची जुनी पातळ नळी तापून तडकली. ती नळी बदलली आणि दुसऱ्या वेळी कमी आचेवर पितळेने जोड दिला. चाकावरची ब्रेकची चकती आणि पट्टी एका रेषेत येईपर्यंत रेश्मा चाक हाताने फिरवत बसायची. त्या दिवसांत आम्ही दोघे कैलासविषयी एक शब्द बोललो नाही.

मग एका पावसाच्या दुपारी तिने सायकल उतारावरून सोडली. मी वळणावर उभा होतो. ती वेगात आली, ब्रेक दाबला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. सायकल आडवी टाकून रस्त्यात बसली आणि रडली. कैलासला नेले तेव्हाही ती रडली नव्हती. मी छत्री धरून उभा राहिलो. दुसरे काय करणार होतो?

पुढे पुण्याहून लोक जुन्या सायकलींना असेच ब्रेक बसवून घ्यायला येऊ लागले. ते काम आम्ही दोघांनी केले. आता ती एकटी करते, आणि माझ्यापेक्षा बरे करते.

३. लाल सायकलही रेश्माचीच. ती भिंतीवर टांगू नये, हार घालू नये. चालवावी.

४. गंजलेल्या काट्याला ब्रेक बसवू नये, गिऱ्हाईक कितीही रागावले तरी. चकतीचा सगळा जोर काट्याच्या एकाच पायावर येतो. ही अट नव्हे, विनंती आहे.

५. माझा धाकटा भाऊ राजू याने कैलासच्या दहाव्याच्या दिवशी चारचौघांत "ही पांढऱ्या पायाची" असे रेश्माला म्हटले. तिच्या लग्नालाही तो आला नाही. सामाईक विहिरीतला माझा हिस्सा त्याला द्यावा, कारण शेती तोच करतो. राग मी त्याला वारशात देत नाही. पण सोडलेलाही नाही.

६. माझ्या दहाव्याला भाषणे नकोत.

७. हे कलम आज सकाळी वाढवले. रेश्माचे लग्न झाल्यापासून साळूबाई तिच्याशी बोललेली नाही. रेश्मा शेडमध्ये काम करून मागच्या वाटेनेच जाते. वरचा मजकूर मी साळूबाईला वाचून दाखवला. शेडचे ऐकून ती भांडेल असे मला वाटले होते. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माझं बी एक लिवा."

"काय लिहू?"

"शेड तिची, तर तिची. पर कामाला आली की दुपारचं हितं जेवून जायाचं. मागनं मागनं जायाचं न्हाई."

असली अट कायद्यात टिकत नाही, असे वकील म्हणाले. तरी लिहिली आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे कारखान्यातले सोबती वाल्मीक ढमाले यांनी करावी. मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

सही: हैबतराव धोंडिबा शेडगे

साक्षीदार:
१. वाल्मीक बाबुराव ढमाले, पिरंगुट (सही)
२. डॉ. साधना शेखर कुदळे, पिरंगुट (सही)

स्थळ: लवळे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५