खिडकीतला वेगळा कप

बाई,

गेल्या महिन्यात आमच्या घरी काय काय आलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल. एक चिनी मुलगी, तिशीची, हडकुळी. तिची चाक तुटलेली निळी बॅग. वाळवलेल्या लाल बोरांचं पाकीट, चहाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास. हे तिचं तिने आणलेलं. मला पडलेला खर्च असा: वरच्या खोलीसाठी उशी, बारा डॉलर. तांदळाची पिशवी नेहमीपेक्षा एक जास्त, अठरा डॉलर. आणि एक ताटली, एक वाटी, एक कप, तिन्ही पांढरे, मिळून सहा डॉलर. हे सहा डॉलर मी वहीत 'किरकोळ' म्हणून लिहिले. चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहितेय, कोथिंबिरीची जुडीसुद्धा तिच्या नावाने लिहिते. ताटली-वाटी-कप मात्र किरकोळ.

तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा मी इथेच, मिशिगनमध्ये, पोळ्या लाटत होते. बहिणीचं पत्र आलं होतं, त्याच्या चौथ्या पानावर एक ओळ होती, 'आपल्या गणिताच्या बाई गेल्या.' तव्यावरची पोळी करपली, एवढंच दुःख मी त्या दिवशी केलं. मग लेकीला शाळेतून आणायची वेळ झाली.

ती लेक आता नाचते. तेच तिचं काम आहे. घुंगरू नाहीत, शालू नाही, गाणं नाही. अनवाणी पायांनी जमिनीवर पडायचं आणि उठायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी कानातलं हरवलंय आणि सगळे मिळून शोधताहेत. तिची नऊ जणांची कंपनी आहे ॲन आर्बरमध्ये, एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानाच्या वर. यंदा चीनमधली अशीच एक कंपनी इथे यायची ठरली. दोघांनी मिळून महिनाभरात एक नाच बसवायचा, इथे करून दाखवायचा आणि पुढच्या वर्षी तिकडे. हॉटेलं परवडत नाहीत म्हणून पाहुण्यांना घराघरांत वाटून दिलं. आमच्या वाट्याला ही आली.

मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघून फार हसायची. इतकं हसायला काय झालंय, असं मला वाटायचं. चिनी कंपनीची व्यवस्थापक बाई तालमीतली प्रत्येक गोष्ट फोनवर घेऊन ठेवायची. आमच्या ह्यांच्या कारखान्यातसुद्धा एकदा परदेशातून असेच लोक आले होते, वह्या घेऊन, गोड बोलत. दोन वर्षांनी ह्यांचा विभागच बंद झाला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, शिकून घेतील आणि जातील. बघाल तुम्ही."

"अगं, तो गिअरबॉक्स होता. नाच काय बॅगेत भरून नेणार आहेत?"

"ती बाई सगळं शूट करते."

"मग तूही कर. फोन तुलाही घेऊन दिलाय." आणि वर म्हणाले, "तू पोलिसात जायला हवी होतीस. इथे उगाच भाजी चिरत बसलीस."

पण माझी खरी काळजी वेगळी होती. या नाचात माझी मुलगी कंबरेएवढ्या टेबलावर पाठमोरी उभी राहते आणि तशीच मागे पडते. मागे बघायचं नाही. झेलणाऱ्याने तिला नुसतं हातांवर अडवायचं नाही, तिला घेऊन तिच्याबरोबर जमिनीपर्यंत जायचं. हे काम त्यांच्या एका उंच्यापुऱ्या मुलाचं होतं. त्याला व्हिसा मिळाला नाही. मग ते आलं आमच्या पाहुणीकडे. आणि माझ्या मुलीच्या मणक्याची चकती तीन वर्षांपूर्वी सरकली होती. सहा आठवडे ती पाठीवर पडून होती, मी तिला बाळासारखं जेवण भरवलं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, पुन्हा मार बसला तर ऑपरेशन, आणि नाच विसरायचा.

पाहुणी घरात वावरायची ते आवाज न करता. इंग्रजी तिला बेताचं. फोनमध्ये चिनी बोलायची आणि फोन मराठीत बोलायचा, पोथी वाचल्यासारखा: "आदरणीय काकू, आपल्या स्वयंपाकघरात पाणी उकळण्याची अनुमती असावी." ह्यांना हसू आवरायचं नाही. मी तिला ताटली, वाटी, कप वेगळे का दिले, तर ती मांस खाणारी, आणि माझ्या भांड्यांत देवाचा नैवेद्य होतो. पण दुसऱ्याच दिवशी फोन म्हणाला, "या घरात मांस नाही, म्हणून मीही खाणार नाही." आणि ती खरंच वरण-भात खात राहिली, गुरुवारी माझ्याबरोबर साबुदाण्याची खिचडीसुद्धा. म्हणजे कारण दुसऱ्या दिवशीच संपलं होतं. ताटली मात्र वेगळीच राहिली.

चौथ्या दिवशी तिने आपला कप विसळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आमच्या भांड्यांच्या जाळीत न ठेवता खिडकीत नेऊन पालथा ठेवला. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

कारण बाई, मला तुम्ही दिसलात. मॅट्रिकचं वर्ष आहे, रविवार आहे. आईचा दमा वाढलाय आणि वडील म्हणतात, फॉर्म भरायचा नाही, घर कोण बघणार. तुम्ही दारात उभ्या आहात, छत्री बगलेत. वडील उठून उभे राहतात कारण तुम्ही शिक्षिका आहात, आणि आत या म्हणत नाहीत कारण तुमची जात त्यांना ठाऊक आहे. पडवीत खुर्ची टाकतात. तुम्ही बसता आणि सरळ बोलायला लागता. "पहिली येईल असं मी म्हणणार नाही. ही उत्तर आधी पुस्तकाच्या मागे बघते आणि मग गणित सोडवते. हिचा कशावर भरवसाच नाही. पण पास होईल. बसू द्या तिला." मी दाराआड ऐकतेय आणि कान तापलेत. आतून आई खोकत म्हणते, "बाईंना चहा दे गं." मी चहा आणते. पडवीच्या खिडकीत एक कान तुटलेला कप पालथा असतो, आमच्यात न बसणाऱ्या माणसांसाठी ठेवलेला. त्या कपात. तुम्ही दोन्ही तळव्यांत धरून पिता, बोलणं थांबवत नाही. मग उठता, अंगणातल्या नळाखाली कप विसळता आणि खिडकीत ठेवता. वडील दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही करतात.

मी पास झाले. त्या सर्टिफिकेटच्या जोरावर हे स्थळ आलं, मी इथे आले, बँकेत, दवाखान्यात, शाळेत माझी सही मी केली.

तर तालमीचं सांगते. मी डबा घेऊन रोज जायचे आणि भिंतीशी खुर्चीवर बसायचे. पाहुणी झेलायला उशीर करायची. फार नाही, पापणी लवते तेवढाच. पण माझ्या मुलीची टाच आधी जमिनीला लागायची आणि पाठीला हिसका बसायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि बाई, मला वाटलं ही मुद्दाम करतेय. हिला कपाचं कळलंय आणि ही त्याचा वचपा काढतेय. हे मी देवासमोर निरांजन लावताना मनात आणलं. गाडीत मुलीला म्हटलं, "तिच्या भरवशावर राहू नकोस. पडण्याआधी जरा मागे बघ."

"आई, मागे बघायचंच नाहीये. दॅट्स द होल पॉइंट!"

"मग निदान अंग सावरून पड."

असं रोज. तिच्या कपाळावर आठी येईपर्यंत.

मग एका संध्याकाळी मुलीने चहासाठी खिडकीतला, हाताला आला तो पांढरा कप घेतला. मी पटकन म्हटलं, "तो नको, तो तिचा आहे." ती थांबली. फळीवर बाजूला ठेवलेली ताटली बघितली, वाटी बघितली.

"तिची ताटली वेगळी आहे?"

"अगं, ती लोकं मांस..."

"शी हॅज बीन ईटिंग युअर वरण-भात फॉर टू वीक्स!" मग ती ओरडायची थांबली, ते जास्त वाईट होतं. हळू म्हणाली, "माझी पाठ तिच्या हातात चालते. तुझी ताटली चालत नाही?"

ह्यांनी फोनमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहुणीला आमच्या रोजच्या कपात चहा दिला. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठली, खिडकीतून आपला पांढरा कप आणला आणि चहा त्यात ओतून घेतला. फोन म्हणाला, "क्षमा असावी, हा माझा आहे." आणि ती हसली. ते हसू कसलं होतं ते मी त्या दिवसापासून उलटसुलट करून बघतेय.

त्याच आठवड्यात मुलीच्या कंपनीच्या अमेरिकन दिग्दर्शिकेने तालीम थांबवून पाहुणीला विचारलं, उशीर का होतोय. ती बराच वेळ चिनीत बोलली. व्यवस्थापक बाईने इंग्रजीत सांगितलं. या नाचाला संगीत नाही. इथली मुलं मनातल्या मनात आठ मोजतात आणि सहाला पडतात. त्यांच्याकडे मोजत नाहीत, समोरच्याचा श्वास ऐकतात. पडणारी श्वास सोडते, त्यावर झेलणारी निघते. "ती म्हणते, तुमची मुलगी श्वासच सोडत नाही. पडण्याआधी कोंडून धरते. मला काही ऐकूच येत नाही."

माझी मुलगी टेबलावर उभी होती. तिने पाहुणीकडे नाही पाहिलं, दिग्दर्शिकेकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. श्वास कुणी कोंडायला लावला ते तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी डबा खुर्चीवर ठेवला आणि खाली जाऊन गाडीत बसले. पुन्हा तालमीला गेले नाही.

नाचाच्या दिवशी हॉल भरला होता. जवळच्या नोव्हाय गावाहून आमच्या ओळखीच्या चार बायका आल्या होत्या, त्यातली एक कुजबुजली, "काकू, गाणं कधी सुरू होणार?" मी म्हटलं, "नाही व्हायचं. गप्प बस." मुलगी टेबलावर चढली, पाठ करून उभी राहिली. माझं नामस्मरण चाललं होतं. आणि मग मला ऐकू आला, दहाव्या रांगेत, डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर बाई सोडते तसा तिचा श्वास. नाम अर्ध्यात राहिलं. ती पडली. त्या हडकुळ्या मुलीने तिला घेतलं, दोघी मिळून जमिनीपर्यंत गेल्या आणि तशाच पडून राहिल्या, कुणाचा हात कुणाच्या खाली ते कळेना. मी टाळ्या वाजवायला विसरले.

पाहुणी गेली. जाताना फोन पुढे केला: "हा कप मी सोबत नेऊ इच्छिते." मोज्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला. मुलगी मला सांगते, "आई, शी लव्ह्ड इट. लहानपणी त्यांच्या होस्टेलमध्ये प्रत्येकीचा आपला कप खिडकीत असायचा. तिला वाटलं, तू तिला घरचं समजून दिलास." असेलही. पण माझ्या मुलीला मी ओळखते. मला बरं वाटावं म्हणूनही ती सांगेल. आणि ती पोरगी असंही म्हणत असेल, की या घरात आपलं काही मागे राहायला नको. तिला तोंडावर विचारायची संधी महिनाभर होती. फोन होता, मराठी येणारा. मी नाही विचारलं.

म्हणून तुम्हाला विचारते. शाळेचा पत्ता टाकून उपयोग नाही, हे पत्र पोथ्यांच्या खाली राहणार आहे हे मला माहीत आहे, तरी विचारते. त्या रविवारी तो कप कुणासाठीचा ते तुम्ही ओळखलं होतं का? कप नेमका तिथेच नेऊन ठेवलात म्हणजे ओळखलंच असणार, असं एकदा वाटतं. मग वाटतं, रिकामी जागा दिसली म्हणून ठेवला असेल. न ओळखता प्यायल्या असाल तर मी सुटले असं नाही. पण ओळखून प्यायल्या असाल, आणि तरी माझ्या फॉर्मसाठी तिथे बसून राहिल्या असाल, तर तो हात माझ्या पाठीखाली पन्नास वर्षं होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आणखी एक. आईने फक्त "चहा दे" म्हटलं होतं. कुठल्या कपात ते तिने सांगितलं नव्हतं, वडिलांनीही नाही. घरातले सहा कप धुऊन फडताळात होते. खिडकीतला मी उचलला, माझ्या मनाने.

काय ते उलट टपाली कळवा.